खडा राहिला तर चालेल, दाणा जाता कामा नये



आजची गोष्ट एका हरवलेल्या पत्रापासून सुरू करते. आमच्या बचत गटाचा ईमेलचा पत्ता दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाच्या अर्जासाठी उघडला होता. त्यानंतर कधीमधी कुणीतरी मोबाईलवर तो बघायचं, एवढंच. गणपतीच्या सुमाराला पुण्याच्या एका दुकानानं त्या पत्त्यावर पत्र पाठवलं. दिवाळीच्या आधी ६० किलो नाचणीचे पापड हवे होते. पत्र इंग्रजीत होतं आणि सुरुवात होती ‘डिअर मॅडम’ अशी. ते पत्र आम्हाला दिसलंच नाही. आमच्या खजिनदार ताईंची मुलगी कॉलेजातून सुट्टीला आली, तिनं सहज चाळता चाळता ‘स्पॅम’ नावाचा कप्पा उघडला आणि त्यात ते सापडलं. तोवर २४ दिवस उलटले होते. आम्ही लगेच फोन केला. दुकानदार भला माणूस, पण त्यानं तोवर दुसऱ्या गटाला काम देऊन टाकलं होतं.

अकरा बायकांचं दिवाळीचं काम गेलं. राग कुणावर काढायचा? ती मुलगी म्हणाली, “मावशी, कुणी मुद्दाम नाही केलं. यंत्रानं निवडून बाजूला टाकलं.”

यंत्र निवडतं? मग ते कसं निवडतं, कुणी शिकवलं त्याला, आणि ते चुकतं का? हे मी शोधायला बसले. जे हाती लागलं ती मोठी मजेची गोष्ट आहे. ती घडली बहुतेक अमेरिकेत, पण तिचं सार आपल्या सुपात आहे. तीच आज सांगते.

आधी नाव. स्पॅम हा मुळात खाण्याचा पदार्थ. अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीनं १९३७ साली डुकराचं मांस डबाबंद करून या नावानं विकायला आणलं. पुढे १९७० साली इंग्लंडच्या ‘माँटी पायथन’ या विनोदी मंडळींनी दूरदर्शनवर एक नाटुकलं केलं. एका खाणावळीत जो पदार्थ मागावा त्यात स्पॅम आहेच, आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी ‘स्पॅम, स्पॅम’ असं इतक्या मोठ्यानं गातात की बोलणाऱ्याचं बोलणंच ऐकू येत नाही. नको असलेल्या संदेशांच्या गर्दीत कामाचं बोलणं बुडतं, तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांना हेच नाटुकलं आठवलं आणि नाव चिकटलं.

नाव नंतर आलं, पण उपद्रव आधीचा. आज जे इंटरनेट आहे त्याच्या आधी अमेरिकेत ‘आर्पानेट’ नावाचं एक छोटं जाळं होतं. सरकारच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालायचं आणि विद्यापीठं, संशोधक यांचे कॉम्प्युटर त्यानं जोडलेले होते. १९७५ च्या नोव्हेंबरात जॉन पोस्टेल नावाच्या संशोधकानं एक छोटं टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं असं की, या जाळ्यात एखाद्याकडून नको असलेले संदेश यायला लागले तर ते नाकारण्याची सोयच आपण ठेवलेली नाही. घराला दार केलं, पण कडी बसवली नाही, असाच तो प्रकार. त्याचं टिपण वाचून कडी काही बसली नाही.

तीन वर्षांनी, ३ मे १९७८ ला, गॅरी थर्क नावाच्या गृहस्थानं त्याच दारातून पाऊल टाकलं. तो डिजिटल इक्विपमेंट या कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीत विक्रीचं काम बघायचा. कंपनीची नवी यंत्रं कॅलिफोर्नियात दाखवायची होती. एकेकाला वेगळं पत्र कशाला, म्हणून सुमारे ४०० जणांचे पत्ते घालून एकच आमंत्रण धाडलं. पत्ते इतके झाले की वरच्या जागेत मावेनात, उरलेले खाली मजकुरातच सांडले. लोक चिडले, जाळं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी कंपनीला समज दिली. पण थर्क पुढे सांगायचा की त्यातून आमची यंत्रं खपली. मैत्रिणींनो, पुढच्या सगळ्या त्रासाचं कारण या एका वाक्यात आहे.

विचार करा. आपण हजार जणांना पोस्टाचं कार्ड पाठवायचं म्हटलं तर हजार कार्डांचे पैसे पाठवणाऱ्याला पडतात. ईमेलचं तसं नाही. एक पाठवा नाहीतर लाख पाठवा, पाठवणाऱ्याच्या खिशाला जवळजवळ काहीच लागत नाही. लाखात एक जण फसला तरी त्याचा फायदाच. उरलेल्या ९९,९९९ जणांचा वेळ गेला, त्याची किंमत तो मोजत नाही, ती आपण मोजतो.

ही गोष्ट सगळ्या जगाच्या ध्यानात आली १९९४ साली. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल हे वकील नवरा-बायको होते. अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात, त्यातले काही परवाने तेव्हा सरकार सोडत काढून द्यायचं. त्या सोडतीचा अर्ज भरून देतो, आमची फी द्या, अशी त्यांची जाहिरात होती. खरं तर तो अर्ज करायला वकिलाची गरजच नव्हती. तेव्हा ‘युजनेट’ म्हणून विषयवार चर्चेच्या हजारो जागा होत्या. कुठे बागकामावर बोलणं, कुठे गणितावर. १२ एप्रिल १९९४ ला या जोडीनं पाच हजारांहून जास्त जागी ही एकच जाहिरात चिकटवली. लोकांनी रागानं इतकी पत्रं पाठवली की त्यांना जोडणी देणाऱ्या कंपनीचे कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद पडले. पण या दोघांनी माफी मागितली नाही. उलट इंटरनेटवर पैसा कसा करावा याचं पुस्तक लिहिलं. पुढे १९९७ साली टेनेसी राज्यानं कँटरची वकिलीची सनद काढून घेतली, त्याच्या कारणांत ही जाहिरातही होती.

तोवर ईमेल घरोघरी पोचत होतं आणि कचराही. मग लोक उपायाला लागले. पहिला उपाय कोणता सुचावा? चाळणीचा. चाळणीला ठरावीक मापाची भोकं असतात, त्या मापाचं खाली पडतं, बाकीचं वर राहतं. कॉम्प्युटरची चाळण म्हणजे नियम. ‘प्रॉकमेल’ नावाचा प्रोग्रॅम १९९० च्या सुमाराला आला. त्यात नियम लिहून ठेवता यायचे, की अमक्याकडून पत्र आलं तर या कप्प्यात टाक, विषयात तमका शब्द असेल तर त्या कप्प्यात टाक. दुसरी मंडळी म्हणाली, शब्द कशाला बघता, पत्र कुठून आलं ते बघा. १९९७ साली पॉल व्हिक्सी आणि त्याच्या साथीदारांनी कचरा पाठवणाऱ्या कॉम्प्युटरांची काळी यादी तयार केली. यादीतल्या पत्त्यावरून येणारं सगळं बंद.

उपाय जोरदार होता, पण सुक्याबरोबर ओलंही जळायला लागलं. एका कॉम्प्युटरवरून हजार जण पत्रं पाठवतात. त्यातला एक लबाड निघाला आणि तो कॉम्प्युटर यादीत गेला, तर उरलेल्या ९९९ जणांची पत्रंही अडायची. गावात एकानं कर्ज बुडवलं म्हणून साऱ्या गावाला बँकेनं दार बंद करावं, तसं.

मग २००१ साली जस्टिन मेसन या आयरिश प्रोग्रॅमरनं ‘स्पॅमअसॅसिन’ हा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी फुकट खुला केला. त्यात एकाच नियमावर निकाल नव्हता. प्रत्येक नियमाला गुण होते. विषय सगळा मोठ्या अक्षरांत, इतके गुण. पाठवणाऱ्याचा पत्ता संशयाचा, तितके गुण. बेरीज पाचाच्या वर गेली की स्पॅमचा शिक्का. इथे आणखी एक सोय होती. हा प्रोग्रॅम लायब्ररी म्हणूनही वापरता यायचा.

लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या बोलीत लायब्ररी म्हणजे आधी कुणीतरी लिहून, तपासून ठेवलेली कामं, जी दुसऱ्यानं आपल्या प्रोग्रॅममध्ये उचलून वापरायची. पोळ्या करायच्या तर आपण गिरणीतून दळून आणलेलं पीठ घेतो, जात्याचा दगड घडवण्यापासून सुरुवात करत नाही. तसंच ते. ‘पायथन’ नावाची एक फुकट मिळणारी प्रोग्रॅमची भाषा आहे, तिच्यासोबत ‘मेलबॉक्स’ नावाची लायब्ररी येते. ती पत्रांचा कप्पा उघडते आणि एकेक पत्र हातात देते. दुसरी लायब्ररी त्या पत्राचे भाग सुटे करते, कुणी पाठवलं, विषय काय, मजकूर काय. अशी तयार कामं हाताशी आली, म्हणून एकटादुकटा माणूसही घरी बसून टपाल निवडणारा प्रोग्रॅम लिहू शकला.

पण नियमांची चाळण कितीही सुधारली तरी एक अडचण होतीच. चाळणीची भोकं एकदा कळली की लबाड माणूस त्या मापाचा खडा बनवतो. औषधाचं नाव अडतं म्हटल्यावर त्यानं मधल्या अक्षराच्या जागी आकडा घातला. माणसाला वाचता येतं, चाळणीला नाही. मग नवा नियम, मग नवी युक्ती. याला अंत नाही.

आता आपलं निवडणं आठवा. तांदूळ निवडताना आपण नियम म्हणतो का? खडा एवढ्या मापाचा, या रंगाचा, असं कुणी आपल्याला शिकवलं नव्हतं. लहानपणी आईशेजारी बसलो, हा खडा, हा दाणा, असं हजारदा पाहिलं आणि डोळा बसला. यंत्राचाही असाच डोळा बसवता येईल का?

येईल, असं सांगणारं गणित फार जुनं निघालं. इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्स गावी थॉमस बेझ नावाचे एक धर्मोपदेशक होते. १७६१ साली ते वारले. त्यांच्या कागदांत एक लेख सापडला, तो त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांनी १७६३ साली छापून आणला. त्यातली गोष्ट आपल्या भाषेत सांगायची तर अशी, की नवी खूण दिसली की आधीच्या अंदाजात किती फेर करायचा, याचा हिशेब मांडता येतो. ईमेल सोडा, तेव्हा विजेचा दिवाही नव्हता.

१९९८ साली अमेरिकेत मेहरान सहामी, सुझन ड्युमे, डेव्हिड हेकरमन आणि एरिक हॉर्व्हिट्झ या चौघांनी तेच गणित कचऱ्याच्या ईमेलला लावून दाखवलं. यातल्या सुझन ड्युमे या बाई शब्दांवरून माहिती शोधण्याच्या शास्त्रातल्या मोठ्या जाणकार. त्यांच्या लेखात मला सगळ्यात आवडलं ते हे की, पत्र कचरा असल्याची ९९.९ टक्के खात्री असल्याशिवाय त्याला कचरा म्हणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. का? कारण एखादा कचरा समोर आला तर माणूस पुसून टाकतो, दोन सेकंद जातात. पण कामाचं पत्र कचऱ्यात गेलं तर किती नुकसान होईल, सांगता येत नाही. आम्हाला आता सांगता येतं, ६० किलो पापड.

ही कल्पना सगळ्यांच्या तोंडी झाली ती २००२ च्या ऑगस्टमध्ये. पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरनं सोप्या भाषेत एक निबंध लिहिला. सहा महिने आपण नियमच लिहीत बसलो होतो, असं त्यानं कबूल केलं. नुसता ‘क्लिक’ हा एक शब्द असलेली पत्रं अडवली तरी त्याच्याकडचा ७९.७ टक्के कचरा पकडला जात होता. वाटतं, झालंच की काम! पण त्याच नियमानं १.२ टक्के चांगली पत्रंही अडत होती. म्हणजे शंभरात एखादं पत्र गेलंच. आणि उरलेला कचरा पकडायला जावं तर चांगली पत्रं आणखी अडायची. मग त्यानं नियम सोडले आणि यंत्रासमोर दोन ढीग ठेवले. एका कप्प्यात सुमारे ४,००० कचऱ्याची पत्रं, दुसऱ्यात सुमारे ४,००० चांगली. यंत्राला एवढंच सांगितलं, प्रत्येक शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोज.

हे मोजणं आपल्या हिशेबवहीइतकं सोपं आहे. समजा, दोन्ही ढिगांत हजार हजार पत्रं आहेत. ‘लॉटरी’ शब्द कचऱ्याच्या १९८ पत्रांत आला आणि चांगल्या २ पत्रांत. म्हणजे लॉटरी शब्द असलेली २०० पत्रं, त्यातली १९८ कचरा. शंभरात ९९. उलट ‘हप्ता’ हा शब्द कचऱ्याच्या १० पत्रांत आला आणि चांगल्या ९० पत्रांत. शंभरात १०. आता नवं पत्र आलं की यंत्र त्यातले शब्द काढतं, प्रत्येकाचा आकडा वहीत बघतं. ग्रॅहमच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात बोलके असे १५ शब्द घ्यायचे आणि बेझच्या गणितानं त्यांचा मिळून एक निकाल काढायचा. एकट्या शब्दावर कुणी दोषी ठरत नाही. आपल्या गटाच्या पत्रात ‘लॉटरी’ शब्द आला, पण सोबत ‘हप्ता’, ‘बैठक’, ‘ठराव’ असले तर पत्र सुटतं.

यंत्रानं स्वतः मोजून जे शोधलं त्यानं खुद्द ग्रॅहमही चकित झाला. कचऱ्याच्या पत्रांत भडक लाल रंगाची अक्षरं फार असत. त्या रंगाची एक सांकेतिक खूण कॉम्प्युटरच्या मजकुरात लिहिलेली असते. ती खूण एखाद्या घाणेरड्या शब्दाइतकीच पक्की निघाली. हा नियम माणसाला सुचला नसता. आणि त्याच्या एका कोष्टकात दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. ‘मॅडम’ या शब्दाला कचऱ्याचे गुण शंभरात ९९. ‘सॉरी’ या शब्दाला फक्त ८. म्हणजे मॅडम म्हणणारे त्याच्या पेटीत बहुतेक ठगच होते, आणि चूक झाली म्हणणारी माणसं बहुतेक खरी होती! हे आकडे त्याच्या टपालाचे. त्याला ‘मॅडम’ म्हणून खरं पत्र कोण लिहिणार? पण आपल्या गटाला येणारं प्रत्येक खरं पत्र ‘मॅडम’नंच सुरू होतं. आमचं पत्र त्या एका शब्दानं गेलं असं मी म्हणत नाही, ते मला ठाऊक नाही. पण एक गोष्ट मात्र त्यातून लख्ख कळली. दुसऱ्याच्या ढिगावर शिकलेला डोळा आपल्या घरचं धान्य निवडताना चुकू शकतो. ज्याचं टपाल, त्यानंच त्याला शिकवलं पाहिजे.

ग्रॅहमनं आणखी एक काळजी घेतली. चांगल्या ढिगातल्या मोजणीला त्यानं दुप्पट धरलं. आपल्या उदाहरणात चांगल्या पत्रांतल्या २ लॉटऱ्या ४ धरायच्या. म्हणजे तराजूचं पारडं आधीच जरा निर्दोषाच्या बाजूला झुकवून ठेवायचं. हजारात पाचांपेक्षा कमी कचरा सुटत होता आणि चांगलं पत्र एकही अडत नव्हतं, असं त्याच्या त्या वेळच्या पेटीचं मोजमाप त्यानं दिलं.

निबंध वाचून लगेच पायथन भाषेच्या मंडळींनी काम हाती घेतलं. टिम पीटर्स आणि त्याच्या साथीदारांनी २००२ सालीच ‘स्पॅमबेझ’ हा प्रोग्रॅम उभा केला, तोही फुकट, सगळ्यांना बघता आणि बदलता येईल असा. गॅरी रॉबिन्सन या माणसानं गणितात सुधारणा सुचवल्या. आणि त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. दोन ढिगांच्या जागी तीन केले. हे चांगलं, हा कचरा, आणि हे मला कळत नाही. तांदूळ निवडताना आपणही असंच करतो ना? खडा फेकतो, दाणा ठेवतो, आणि संशयाचं काही आलं की सुपाच्या कडेला सारतो, मग उजेडात नेऊन बघतो. यंत्रानं ‘मला कळत नाही’ म्हणावं आणि माणसाला विचारावं, ही या इतिहासातली मला सगळ्यात मोठी सुधारणा वाटते.

कायदाही झाला. अमेरिकेत १ जानेवारी २००४ पासून कचऱ्याच्या ईमेलवर कायदा लागू झाला. त्याच महिन्यात बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल असं भाकीत केलं. सुटला नाही. ठगांनी पत्राच्या शेवटी गोष्टीच्या पुस्तकातले चांगले चांगले शब्द घुसवायला सुरुवात केली, म्हणजे यंत्राची मोजणी बिघडावी. २००६ च्या सुमाराला मजकूर लिहायचा सोडून मजकुराचं चित्रच पाठवायला लागले, म्हणजे मोजायला शब्दच सापडू नयेत. आज मोठमोठ्या कंपन्यांची निवडणारी यंत्रं शब्दांखेरीज शेकडो खुणा बघतात, पाठवणाऱ्याची ओळख तपासतात. गणितही फार पुढे गेलंय. पण पाया तोच आहे. माणसांनी वेगळे केलेले दोन ढीग.

आणि मैत्रिणींनो, ते ढीग वेगळे करणारी माणसं म्हणजे तुम्ही आणि मी. ईमेलमध्ये ‘स्पॅम म्हणून कळवा’ आणि ‘स्पॅम नाही’ अशी दोन बटणं असतात. ती दाबली की नुसतं एक पत्र इकडचं तिकडे होत नाही, यंत्राला एक धडा मिळतो. आईनं हातावर टिचकी मारून “अगं, हा खडा नाही” म्हणावं, तसा. आम्ही दोन वर्षांत एकदाही ते बटण दाबलं नव्हतं. आमच्या टपालातलं काय खरं, काय खोटं, हे त्याला आमच्याकडून कधी कळलंच नव्हतं. बरं, यंत्र शब्द मोजतं तेव्हा भाषा विचारत नाही. मराठी शब्दही तसेच मोजता येतात. पण आपण मराठीत लिहिलंच नाही आणि शिकवलंच नाही, तर त्याच्या वहीत आपले शब्द येणार कुठून?

म्हणून आमच्या गटानं आता एक ठराव केला आहे. दर सोमवारी, बैठकीआधी, एकीनं स्पॅमचा कप्पा उघडायचा. पाळी लावून दिली आहे, म्हणजे सगळ्यांनाच सवय होईल. बहुतेक ठिकाणी त्या कप्प्यातली पत्रं साधारण ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात, म्हणून महिन्यानं बघून भागत नाही. कामाचं पत्र दिसलं की ‘स्पॅम नाही’ दाबायचं आणि पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या यादीत जपून ठेवायचा. पण त्या कप्प्यातल्या पत्राची कुठलीही निळी ओळ दाबायची नाही, जोडलेली फाईल उघडायची नाही, आणि ओटीपी किंवा खात्याचा नंबर तर कुणालाच द्यायचा नाही. शंका आली तर पाठवणाऱ्याला आपल्याकडच्या जुन्या नंबरावर फोन करून विचारायचं, पत्रातल्या नंबरावर नाही. तोच आपला ‘मला कळत नाही’चा ढीग.

मोबाईलवर येणारे जाहिरातीचे फोन आणि मेसेज हा याच घराण्यातला त्रास. ते नको असतील तर १९०९ या नंबरावर नोंद करता येते, तिथेच तक्रारही करता येते. आणि कुणी फसवून पैसे काढलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे, ताबडतोब लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. हे दोन नंबर आजच घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

जाता जाता आमच्या पत्राचं सांगते. त्या दुकानदाराला आम्ही मराठीत उत्तर लिहिलं. उशीर झाला, चूक झाली, पुढच्या वेळी आठवण ठेवा. ते पाठवताना खजिनदार ताई हसून म्हणाल्या, “चूक झाली म्हटलंय ना, मग आपलं पत्र कचऱ्यात जायचं नाही!” आता उत्तराची वाट बघतोय. सोमवारी दोन्ही कप्पे बघतोय.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.